जुसाराचा सातवा दिवस

बसा, सांगतो. जुसाराच्या सातव्या दिवसाची प्रार्थना संध्याकाळी होती, म्हणून मी बार दुपारीच उघडला. गाताना ती घालायची तो लाल विग चर्चमध्ये तिच्या फोटोपाशी ठेवायचा होता. तो विंचरत बसलो. शटर अर्धं खाली, आत अंधार. रात्रभर दणाणणारी, शहराच्या आरूशे भागातली आमची गल्ली दुपारी अगदी मुकी असते.

जुसारा गेल्यावर गावाहून तिचे भाऊ आले आणि तिची शवपेटी घेऊन गेले. आम्हाला दफनालाही येऊ दिलं नाही.

शटरखालून एक माणूस वाकून आत आला. ढगळ काळा सूट, बारीक कापलेले केस. बाहेर कडक ऊन होतं, तरी ओल्या मातीचा वास आला.

"बार बंद आहे, साहेब."

तो विगकडेच बघत राहिला. "वाल्दिर... ओळखलंस ना मला?"

माझं नाव गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. मी मान हलवली. "नाही बुवा."

"तो दे ना... डोक्याला फार गार लागतंय."

मला रागच आला. "आमच्या मैत्रिणीचा आहे तो! हात लावू नका."

"असं काय करतोस रे..." म्हणत तो वाकून बाहेर गेला.

थोड्या वेळाने इव्होनेते आली, आमच्यातली सगळ्यात थोरली. रडून काजळ गालभर झालं होतं. "भावाने पेटीतला फोटो पाठवलाय. हरामखोरांनी केस भादरले रे तिचे! वर सूट चढवलाय!"

फोटो पाहिला. मघाशी विग मागणारा माणूसच त्या पेटीत होता.

पुरुष म्हणून जन्मून आमच्या गल्लीत बाई होऊन जगणाऱ्यांना जुनं नाव, जुना फोटो कोणी विचारत नाही. तसा रिवाजच आहे. त्यामुळे जुसाराचा तो चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. मेल्यावर ती आपल्या माणसांत आली आणि मी तिला साहेब म्हणून हाकललं. फार वाईट वाटतं हो.

आता ढगळ सुटातला कोणीही दिसला की अख्खी गल्ली हाक मारते, "जुसारा, ये ग आत!" लोक हसतात, शिव्या घालतात. इव्होनेते तर पोस्टमनलाही सोडत नाही.

काल एकजण थांबला. कुठलासा कारकून असावा. वैतागून म्हणाला, "मला कशाला हाका मारता? तुमच्या पाठीमागे तो बारीक केसांचा उभा आहे ना... कधीचा ओ देतोय बिचारा."

मी वळलो. मला कोणीच दिसलं नाही.