फ्लॅश विझल्यावर

असं समजा, तुमच्या हातात कॅमेरा आहे. त्याच्या डोक्यावर वेगळा विकत आणलेला मोठा फ्लॅश बसवलाय, आणि समोर अंधुक हॉलमध्ये तुमची लाडकी भाची दोरीवरच्या उड्या मारते आहे. तुम्ही बटण दाबून धरता. खटखटखटखट... कॅमेरा थांबायलाच तयार नाही. आता फोटो बघा. पहिला लख्ख. दुसरा काळा. तिसरा काळा. चौथा... तोही काळाच. काय वाटेल तुम्हाला?

अपेक्षाला वाटलं, फ्लॅश बिघडला. आणि एकदा असं वाटल्यावर तिला धीर कुठला! लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबणारी, चहा उकळायच्या आत गाळणारी मुलगी ती. आयटीतल्या नोकरीसाठी अकोल्याहून पुण्याला आलेली, वारज्याला ताईकडे राहणारी. शनिवारी दुकानं उघडत होती तेवढ्यात ती बुधवार पेठेत हजर झाली.

दुकानदार सीतारामपंतांनी फ्लॅश लावून पाहिला. चमकला.

"चांगला आहे," ते म्हणाले.

"पण सलग फोटो काढले की चमकत नाही."

"मग सलग काढू नका."

शेजारी सेल घ्यायला आलेला एक उंच तरुण हसला. मग हसू आवरून म्हणाला, "आपण... फुल पॉवरवर ठेवता का हा?"

"मग काय अर्ध्या उजेडात काढायचे? फ्लॅश घेतला कशाला मग? आणि तुम्ही—"

"एकेक विचारा." त्याने फ्लॅश हातात घेतला. "राहता कुठे?"

अपेक्षाची भुवई वर गेली. "का?"

"पाणी कसं येतं ते कळावं म्हणून."

"वारज्याला. करंगळीएवढी धार येते."

"मग तुम्हाला लगेच समजेल. फ्लॅश म्हणजे बादली. पहिल्याच फोटोला तुम्ही ती अख्खी उपडी करता. पुन्हा भरायला वेळ लागणार, आणि कॅमेरा तर पुढे पळतोय. तांब्यातांब्याने ओता... म्हणजे पॉवर कमी ठेवा, जवळ जाऊन काढा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, थोडा वाढवा. पाच-सहा फोटो उजेडाचे निघतील. मग मात्र थांबायचं. हा मागचा तांबडा दिवा लागला, की बादली भरली. घाई केलीत, तर तापतो."

अपेक्षा त्या एवढ्याशा दिव्याकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे. दोघांनी सेल घेतले, पावतीसाठी नावं सांगितली, आणि सीतारामपंतांचं पेन थांबलं.

"अपेक्षा आणि समाधान," ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "आमच्या दुकानात दोन्ही एकदम यायची ही पहिलीच वेळ."

समाधानही आयटीतलाच निघाला. रविवारी त्याला सवड होती, तो शिकवायला हॉलवर येऊ लागला... आणि पॉवर कमी कशी करायची हे अपेक्षाला एका रविवारात काही समजलं नाही. दुसऱ्यातही नाही. दोरीच्या उड्यांच्या सरावाच्या वेळी तो समोरच्या बाकावर, शालूच्या मागे बसायचा. शालू म्हणजे ती भाची. तिच्या पायांखालून दोरी एका उडीत दोनदा जायची, आणि नेमका तोच क्षण अपेक्षाला हवा असायचा.

"तुम्ही नेहमी असे सावकाश बोलता?" एकदा तिने विचारलं. "घरीपण? ऑफिसातपण? मीटिंग संपत नसेल तुमची—"

"तुम्ही थांबलात की बोलतो," तो म्हणाला.

"मावशी, तू काकांचंही बटण दाबून धरतेस," शालू दोरी गुंडाळत म्हणाली.

मग एका रविवारी, बुटांचे बंद बांधता बांधता, त्याने सांगितलं, "कंपनी मला चेन्नईला पाठवते आहे. वर्षभर. पुढच्या सोमवारी निघायचं."

"तिकीट काढलं? राहायची सोय? पुन्हा पुण्यात याल, की तिकडेच..."

"तिकीट काढलं," तो म्हणाला. एवढंच.

तो आठवडा अपेक्षाला घरात बसवेना, बाहेर करमेना. पुढच्या रविवारी तो शेवटचा भेटणार होता. त्याच्या मनात काही आहे की नुसतंच सौजन्य? विचारावं तर कोणत्या तोंडाने... शनिवारी दुपारी हाताला काम म्हणून ती कॉम्प्युटरवरचे काळे फोटो पुसायला बसली. शालू खुर्चीच्या हातावर बसली होती.

"मावशी, काळे फोटो उजळता येतात का गं?"

"येतात. पण खरबरीत होतात."

"एक कर ना."

अपेक्षाने एक उजळला. दाणेदार करड्या उजेडात शालू हवेत होती, मागे बाक, बाकावर समाधान. तिचा हात माऊसवर थबकला. तिने शेजारचा लख्ख फोटो उघडला. त्यात समाधान सभ्यपणे शालूच्या दोरीकडे बघत होता. पुन्हा काळा... त्यात तो सरळ कॅमेऱ्याकडे बघत होता. कॅमेऱ्यामागे जी होती, तिच्याकडे.

तिने दुसरा रविवार उघडला. तिसरा. प्रत्येक वेळी तेच. फ्लॅश चमकतोय तोवर नजर दोरीवर. बादली रिकामी झाली, की अपेक्षावर. आता काही वेळ फोटो काळेच येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं ना!

"काका उड्या बघतच नव्हते," शालू फुरंगटून म्हणाली.

रविवारी सराव संपल्यावर अपेक्षाने कॅमेरा शालूच्या गळ्यात अडकवला, आणि उजळलेला एक फोटो छापून आणला होता, तो समाधानपुढे धरला.

"इथे कुणाकडे बघताय?"

त्याचे कान लाल झाले. अपेक्षाच्या ओठांवर पुढचे प्रश्न येऊन उभे होते, एकामागोमाग... तिने ओठ मिटले. शालूच्या गळ्यातला कॅमेरा तिला दिसत होता. फ्लॅशच्या मागचा तांबडा दिवा अजून लागला नव्हता. ती थांबली. आयुष्यात कधी थांबली नव्हती, तशी.

"मला वाटायचं," तो अखेर म्हणाला, "काळे फोटो तुम्ही पुसून टाकता."

"टाकते. हे नाही टाकले."

"म्हणजे..." त्याने फोटो हातात घेतला. "मी चेन्नईहून येत राहीन. सुट्टी मिळेल तसा. आपण... तू थांबशील?"

"थांबणं मला जमत नाही," ती म्हणाली. "पण तू शिकवलंस, त्यामुळे आता थोडं येतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. भरदिवसा, उघड्या हॉलमध्ये, दोरीकडे वळायचं विसरून.

शालूने कॅमेरा डोळ्याला लावला. मागचा तांबडा दिवा आता लागलेला होता. तिने दोघांकडे एकदा नीट पाहिलं, जरा विचार केला, आणि फ्लॅश बंद करून टाकला. मग बटण दाबून धरलं.