पलीकडच्या गच्चीवरचा आवाज

वर्देने दह्यात मुरवलेला गहू गच्चीवर वाळत घातला होता आणि ती चिमण्या हाकत बसली होती. पलीकडच्या भिंतीमागून बाईचा आवाज आला, "मीठ आहे?"

वर्दे चपापली. ते घर हबीबांचं. लढाईत दमास्कसला गेलेलं कुटुंब परतलंच नव्हतं. दाराला कुलूप होतं. आणि प्रश्न गावच्या आरामी भाषेत होता, पण मोडक्यातोडक्या.

"कोण गं?"

तिने भिंतीवरून डोकावलं. पलीकडे कुणी दिसलं नाही.

संध्याकाळी भाऊ सर्कीस मिनीबस लावून घरी आला, तेव्हा तिने सगळं सांगितलं. "घर बळकावायला आलंय कुणीतरी. आधी भाषा शिकायची, मग म्हणायचं, आम्ही याच मालुला गावचे! आरामी बोलेल तो आपला, एवढीच खूण उरलीय आपल्यात."

सर्कीस हसला. "ताई, आपली पोरं शिकेनात, आणि चोर शिकतोय?"

आवाज रोज दुपारी येऊ लागला. मीठ, सुई, विस्तव; मागणी कसलीही. भाषा मात्र सुधारत चालली होती. बाहेरच्यांना जन्मात न जमणारे घशातले उच्चार जमू लागले. आपलंच ऐकून शिकत असणार, या संशयाने वर्दे गच्चीवर तोंड मिटून वावरू लागली. तरीही त्या आवाजाची भाषा सुधारतच होती.

एका दुपारी आवाज म्हणाला, "पोरी, दूध उतू जातंय बघ."

शब्द आईसारखे लांबवलेले. आई जाऊन वर्षं झाली होती. वर्दे खाली धावली. दूध खरंच उतू चाललं होतं.

सर्कीस या वेळी हसला नाही. "बास झालं. बघतोच!" म्हणत तो पहार घेऊन निघाला.

कुलूप तुटलं. आत पावलं वाजली. मग काहीच नाही.

"सर्कीस!" वर्दे गच्चीवरून ओरडली.

चिमण्या गव्हावर उतरल्या. तिने हाकलल्या नाहीत.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. स्वतःच्या घराचं ओढून घ्यावं तसं त्याने दार हळूच ओढून घेतलं. पहार हातात नव्हती. वर्दे धावत खाली आली, तर तो हबीबांच्याच उंबऱ्याशी थांबलेला.

"कोण होतं आत? अरे, बोल की!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. पाहुण्यांकडे पाहतात तसं, अदबीने.

"आमची भाषा छान बोलता हो, बाई," तो म्हणाला. "कुठं शिकलात?"