मोटरीत लाल लोकर

"ढकल ना, तेग्वेन. हात नुसते टेकवू नकोस."

"टेकवत नाहीये. लोंबकळतेय."

फेब्रुवारीची सुट्टी मावशीकडे मजेत जाईल, असं घरून निघताना तेग्वेन आणि योलो या बहीणभावाला सांगितलं होतं. मजा म्हणजे ही: वेल्सच्या गारठ्यात, चढावर बंद पडलेली जुनी मॉरिस गाडी ढकलायची.

मेरेरिदमावशीने गाडीचं पेट्रोलचं इंजिन काढून विजेची मोटर बसवली होती. डोंगरावर एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांना ती याच गाडीतून दुपारचं जेवण पोचवायची. आज पुन्हा प्यू आजोबांचं कालवण गार झालं.

"गाडी धुताना पोरांनी मोटरीत पाणी घातलं असणार," मावशीचे यजमान एम्रिसकाका म्हणाले.

मोठ्यांचं हे बरं असतं. चूक सापडली नाही की ती पोरांच्या नावावर चढवायची.

"शनिवारी मोटर काढतो आणि माझं पेट्रोलचं इंजिन परत बसवतो."

"तुझं इंजिन थंडीत सुरू व्हायला अर्धी सकाळ खातं," मावशी म्हणाली. "मग जेवण पोचवणंच बंद करते मी." भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

योलो बॉनेटखाली नाक घालून उभा होता. "केस जळल्यासारखा वास येतोय."

तेग्वेनने विजेरीचा झोत टाकला. मोटरीच्या जाळीला लाल लोकर चिकटली होती. तिने काडीने थोडी ओढून काढली.

"मोटर म्हणजे काय मेंढी आहे?"

"लाल मेंढी पाहिलीयस कधी?"

संध्याकाळी दोघं शेडमध्ये ताडपत्रीमागे दडून बसली. योलोला डुलक्या येत होत्या. तेवढ्यात काका आले. बॉनेट उघडून त्यांनी मोटरीवर लाल घोंगडी पसरली, कडा नीट खोचल्या आणि म्हणाले, "नीज आता, म्हातारे."

जेवताना योलोने भाबडा चेहरा केला. "काका, थंडीत इंजिनावर पांघरूण घालतात का हो?"

"घालायलाच हवं. लग्न झाल्यापासून एक हिवाळा चुकवला नाही मी. रात्री घालायचं, सकाळी काढायचं. हिला पत्ताही नाही."

मावशीचा चमचा हातातच राहिला. तेग्वेनने लोकरीचा बोळा मिठाशेजारी ठेवला.

"एम्रिस, ही मोटर बाहेरची हवा ओढून गार होते. जाळी बुजली की चढावर तापते आणि बंद पडते. आणि तू तिला रोज लोकर चारतोस."

पोरांची माफी काकांनी मागितली नाही. जन्मभर आपलंच बरोबर मानलेल्या माणसाला ते जमत नाही.

सकाळी मावशीने बॅटरीची जोडणी तोडून जाळी उघडली. सायकलच्या पंपाने लोकर उडवली ती मात्र काकांनीच. मोटरीतले वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे शाबूत होते. दुपारी मॉरिस न थांबता चढ चढली.

प्यू आजोबांनी पहिला घास घेतला. "तोंड भाजलं," ते म्हणाले. "शाबास रे पोरांनो."

संध्याकाळी पुन्हा हिम पडू लागलं. काका सवयीने घोंगडी घेऊन शेडकडे निघाले, दारात थबकले, परत फिरले. मावशी बूट न काढताच खुर्चीत झोपली होती. त्यांनी घोंगडी तिच्या अंगावर घातली आणि कडा नीट खोचल्या.