अर्थ तुटलेला काटा

तुटलेल्या तारेतून कधी निरोप पोहोचतो का हो? नाही म्हणाल. धाकट्याचीही तीच खात्री होती.

भर दुपारी तो दिवंगत थोरल्या भावाची जुनी मोटार चालवत होता. मागे वहिनी, आणि तिच्या मांडीवर तापाने फणफणलेली पुतणी. इस्पितळ घाटापलीकडे. घाट लागण्याआधीच तापमानाचा काटा लाल रेषेकडे चढू लागला. तो काटा हलणे शक्यच नव्हते.

रस्त्याकडेच्या गॅरेजात मिस्त्रीने बॉनेट उघडून रेडिएटरवर हात ठेवला. "गार आहे की! मीटर खोटं बोलतोय."

"मग राहू दे. आम्हांला जाऊ दे."

"भावोजी, बघू द्या त्यांना," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी इंजिन तापून बंद पडलं तरी हा काटा थंडच दाखवत होता. हे उन्हात पाणी शोधायला गेले, ते परतलेच नाहीत."

मिस्त्रीने डॅशबोर्डाखाली मान घातली. "याला अर्थच नाही!" जमिनीच्या तारेला गॅरेजवाले अर्थ म्हणतात. "अर्थ तुटला की काटा थंडवर पडून राहतो. मग हा चढतोय कसा?"

"उंदरांनी कुरतडली असेल तार."

"उंदीर ब्लेड वापरायला लागले वाटतं!" मिस्त्री हसला. हसणारा तो एकटाच होता.

वडिलांनी मोटार थोरल्याला दिली, हे धाकट्याला सोसले नव्हते. दादाची चारचौघांत फजिती व्हावी, एवढाच त्याचा हेतू. पण पाप हेतूपाशी थांबत नाही.

मिस्त्रीने बॅटरी सोडवली. वीज तुटली, तरी काटा खाली आला नाही. गार इंजिनातून उकळत्या पाण्याचा वास येऊ लागला. मुलगी कण्हली, तसा काटा वर सरकला. वहिनीने ओला पदर तिच्या कपाळावर ठेवला, तसा किंचित उतरला... आणि पुन्हा चढला.

"हा इंजिनाचा नाही..." मिस्त्री पुटपुटला. "पोरीचा ताप दाखवतोय..."

धाकटा गुडघ्यांवर कोसळला. "देवा, तिचा काय दोष? तार मी कापली. वहिनी... मी कापली. तिचा ताप मला दे!"

काटा सरकन खाली आला. मुलीला दरदरून घाम फुटला. तिने डोळे उघडून पाणी मागितले. वहिनीने ते पाजले. दिराकडे तिने पुन्हा कधी पाहिले नाही.

मागणे ऐकले गेले होते. त्या दिवसापासून धाकटा आतून भाजू लागला. घागरी रिचवल्या तरी तहान भागेना. थर्मामीटर मात्र दर वेळी निरोगी माणसाचाच आकडा दाखवी.

"ताप नाही तुम्हांला," डॉक्टर समजावत.

"खोटं बोलतोय तो... खोटं बोलतोय!"

कोणाचा विश्वास बसला नाही. उन्हाळा सरण्याआधी तो तडफडून गेला. ज्यांनी त्याचे प्रेत उचलले, त्यांच्या तळहातांना फोड आले.