ड्रमशिवायची आठ गाणी

सिद्धेश्वर धरणाच्या काठाशी पाटबंधारे खात्याची जुनी वसाहत आहे. २००७ साली तिच्यातली निम्मी घरं रिकामी होती. वसाहतीच्या टोकाला, बाभळींच्या पलीकडं, दगडी भिंतींचं एक भांडार होतं. धरण बांधताना तिथं सिमेंटची पोती रचत. पोती जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी कोपऱ्यात बोट फिरवलं की करडी पूड लागायची. त्या भांडाराची किल्ली भिवाजी भालेरावांनी मिळवून दिली. खात्यात चौकीदारी करून ते नुकतेच निवृत्त झाले होते. मुलाच्या गाण्याबद्दल त्यांचं मत काही फार बरं नव्हतं, पण किल्ली देताना ते एवढंच म्हणाले, की एक जूनला पोरगं पुण्याच्या कंपनीत हजर व्हायला पाहिजे. त्याच्या आत काय वाजवायचं ते वाजवून घ्या.

पोरगं म्हणजे प्रज्ञेश. तो गिटार वाजवायचा, गायचा, गाणीही त्याचीच. बेस गिटारवर संतोष होता. कळमनुरीत मोबाइलच्या दुकानात बसायचा, कामापुरतं बोलायचा. ड्रमवर रणजीत राठोड. तो कळमनुरीजवळच्या तांड्यावरचा. लहानपणी नगारा शिकला आणि पुढं नांदेडच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा ड्रमसेट टेम्पोत घालून घेऊन आला. पत्र्याच्या शेडमध्ये सराव करायचे म्हणून बँडचं नाव त्यांनी टिनपत्रा ठेवलं. २००३ साली त्यांची एक कॅसेट निघाली होती. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात ती लाउडस्पीकरवर वाजली, आणि विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरचं 'डीपी जळाली' हे गाणं हिंगोलीच्या कॉलेजातली पोरं बाकं बडवत म्हणायची. दुसरा अल्बम मात्र चार वर्षं रखडला होता. हा शेवटचा उन्हाळा आहे हे तिघांनाही कळत होतं, फक्त कुणी ते तोंडावर आणत नव्हतं.

रेकॉर्डिंगचं सगळं आकांक्षा बघायची. ती प्रज्ञेशची धाकटी बहीण, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. यंत्र बिघडलं तर त्याला कारण असतं, आणि कारण सापडेपर्यंत जागचं उठायचं नाही, असा तिचा स्वभाव. गावातल्या टीव्हींपासून मोटारीच्या स्टार्टरपर्यंत सगळं तिच्याकडं यायचं.

वसाहतीत लाइट अकरा ते पाच असायची. तेवढ्या वेळातच काम. आई मालनबाईनं दिलेल्या सात गोधड्या दोरीवर टांगून आकांक्षानं आवाजाला आडोसा केला, चार माइक लावले, कंप्युटर खिडकीजवळ ठेवला. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. धरणाचं पाणी खाली गेलं होतं आणि काठाच्या चिखलाला हातभर खोल भेगा पडल्या होत्या. आत मात्र दगडाचा गारवा होता.

मंगळवारी, आठ तारखेला काम सुरू झालं. बुधवारी पहिलं गाणं रेकॉर्ड करून आकांक्षानं हेडफोन लावला, तेव्हा रणजीतच्या प्रत्येक ठोक्याला एक बारीक जोडठोका ऐकू आला. दगडी खोली म्हटल्यावर प्रतिध्वनी येणारच. दुसऱ्यांदा ऐकताना तिच्या लक्षात आलं, की हा ठोका नंतर येत नाही. आधी येतो.

कॅसेटवर असं होतं, हे तिला माहीत होतं. फितीच्या एका वेढ्यावरचा आवाज दुसऱ्या वेढ्यावर उमटतो. पण इथं फीतच नव्हती. तिनं वायर बदलली, माइक बदलले, कंप्युटर बंद करून चालू केला. पडद्यावर मोजलं तर पाव सेकंदाचं अंतर. तिनं वहीत लिहून ठेवलं.

गुरुवारी ते अंतर दोन सेकंद झालं. शुक्रवारी अकरा.

त्याच शुक्रवारी गाण्याच्या मध्यात घामानं रणजीतच्या हातातली काडी निसटली. ती शहाबादी फरशीवर पडली, दोनदा उडाली आणि घरंगळत भिंतीपर्यंत गेली. सगळे हसले. संध्याकाळी आकांक्षानं तो भाग लावला. काडी पडायच्या बरोबर अकरा सेकंद आधी, गाणं व्यवस्थित चाललेलं असताना, त्याच्या मागं काडी पडल्याचा आवाज होता. दोनदा उडाल्याचा. घरंगळत भिंतीपर्यंत गेल्याचा.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

प्रज्ञेशला तिनं सांगून बघितलं. त्यानं एकदा ऐकलं, मागं खरखर आहे म्हणाला, आणि नंतर साफ करता येते का ते बघ असं सांगून गिटारच्या तारा लावायला बसला. त्याच्या डोक्यात फक्त एक जून होता. तिनंही मग विषय काढला नाही. पण रविवारपासून तिनं एक वेगळी गोष्ट सुरू केली. तिघं जेवायला बाहेर बाभळीखाली गेले, की ती रिकामी खोली रेकॉर्ड करायची.

रिकामी खोली रिकामी नव्हती. रविवारी तिच्यात अख्खं गाणं होतं, भिंतीपलीकडून यावं तसं पुसट. जेवून आल्यावर त्यांनी तेच वाजवलं. दुसऱ्या कडव्याला प्रज्ञेश जिथं खोकला, तिथंच तो आधी खोकलेला होता. बुधवारी रेकॉर्डिंगमध्ये पावलं होती, तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज होता आणि संतोष म्हणत होता, की दही आंबट होतं. ती ऐकत बसली. अर्ध्या तासानं तिघं आत आले, प्रज्ञेशनं तांब्यातलं पाणी ओतून घेतलं, आणि संतोष म्हणाला, "दही आंबट व्हतं आज."

गुरुवारी, सतरा तारखेला, जेवणाच्या सुट्टीत तिनं वीस मिनिटं रेकॉर्ड केलं.

सुरुवातीला काहीच नव्हतं. मग पुष्कळ पावलं, अनवाणी आणि बुटांची. काहीतरी जड, ओलं फरशीवर ठेवल्याचा आवाज. पाणी टपटपत होतं. कुणीतरी गोधडी दोरीवरून ओढून काढली. एक अनोळखी, वयस्क, कामाची सवय असलेला आवाज पंचनामा सांगत होता आणि कागदावर पेन चालत होतं. तारीख अठरा मे दोन हजार सात. वेळ दुपारी दीडचा सुमार.

"नाव काय पोराचं?"

"रणजीत," प्रज्ञेशचा आवाज म्हणाला. "रणजीत नेमसिंग राठोड."

"पोहता येत होतं का?"

"येत होतं."

त्याच्या मागं आणखी एक आवाज होता. तो ओळखायला तिला वेळ लागला. तिचाच होता, रडण्याचा.

आकांक्षानं रणजीतला एकट्याला आत बोलावलं. काही न सांगता हेडफोन त्याच्या कानावर लावला. तो उभ्यानंच ऐकत राहिला. त्याचा एक हात टेबलाच्या कडेवर होता. बोटं आधी ठेका धरून होती, मग थांबली. संपल्यावर त्यानं हेडफोन काढून वायर नीट गुंडाळली.

"कुणी केलं हे?" त्यानं विचारलं.

"कुणीच न्हाई. खोलीतच हाय."

"उद्या अठरा हाय."

"व्हय. रणजीतभाऊ, उद्या पाण्याकडं जायचं न्हाई. इथंही येऊ नका. घरीच थांबा."

त्यानं बाहेर बघितलं. दारातून धरणाची भिंत दिसत होती. मग हळू म्हणाला, "तांड्यावर इहीर हाय, ताई. वाटंत नदी हाय. घरी राहून काय करू? त्यापेक्षा इथंच बसतो, तुमच्या डोळ्यापुढं. दाराला कडी लावा."

शुक्रवारी सकाळी तिनं प्रज्ञेशला आणि संतोषला सगळं सांगितलं. हा सगळा खुळेपणा आहे असं प्रज्ञेश म्हणाला, पण रणजीतचा चेहरा बघून गप्प झाला. त्या दिवशी कुणी जेवायला बाहेर गेलं नाही. भाकरी आतच खाल्ल्या. साडेबाराला आकांक्षानं दाराला आतून कडी घातली आणि घड्याळ टेबलावर ठेवलं.

रणजीत ड्रमच्या मागं स्टुलावर बसला, हात गुडघ्यांवर ठेवून. संतोष दाराला पाठ लावून बसला. खोलीत सिमेंटचा आणि घामाचा वास होता. बाहेरचा पारव्यांचा आवाज केव्हातरी थांबला होता.

एक वाजला. सव्वा.

दीडला दोन-तीन मिनिटं कमी असताना रणजीतनं कानावर तळवा मारला. मग दुसऱ्या कानावर.

"काय झालं?" आकांक्षानं विचारलं.

"काही न्हाई. कानात पाणी गेल्यावानी होऊन राहिलं."

तो मान वाकडी करून बसला. त्याचा श्वास मोठा झाला. ओठांच्या कडा निळसर झाल्यासारख्या तिला वाटल्या; पण खिडकीतून येणारा उजेडच तसा होता, असं तिनं स्वतःला सांगितलं. प्रज्ञेशनं उठून त्याचा दंड धरला आणि धरूनच ठेवला.

एक चाळीसला रणजीतनं खोल श्वास घेतला. "गेलं," तो म्हणाला.

दोन वाजले. काही झालं नाही. अडीचला कडी काढली. बाहेर लख्ख ऊन होतं, पाणी जागच्या जागी होतं, काठावर चिटपाखरू नव्हतं. संतोष एकाएकी हसायला लागला आणि त्याला हसू आवरेना. प्रज्ञेशनं रणजीतला मिठी मारली. मग ते आत येऊन वाजवायला बसले.

तसं त्यांनी आधी कधी वाजवलं नव्हतं आणि पुढंही कधी वाजवलं नाही. रणजीत तर पेटला होता. त्याच्या ठोक्यांनी खिडकीची तावदानं थरथरत होती, गोधड्या हलत होत्या. पाच वाजेपर्यंत त्यांनी आठच्या आठ गाणी सलग वाजवली, आणि लाइट जायच्या आत शेवटचं संपलं. आकांक्षाच्या डोळ्यांत पाणी होतं.

शनिवारी लाइट आल्यावर तिनं ते लावलं.

गिटार होती. बेस होता. प्रज्ञेशचा आवाज होता, अगदी स्वच्छ. मागचा जोडआवाज, तो आधी येणारा, पार नाहीसा झाला होता.

ड्रम नव्हते.

तिनं रणजीतसमोर लावलेल्या दोन्ही माइकचं रेकॉर्डिंग वेगळं काढून बघितलं. पडद्यावर सरळ रेघ होती. प्रज्ञेशच्या माइकमध्ये संतोषचा आवाज झिरपलेला होता, संतोषच्या माइकमध्ये गिटार. रणजीत कुणाच्याच माइकमध्ये नव्हता. दोन गाण्यांच्या मध्ये प्रज्ञेश विचारत होता, "पुढचं जरा जोरात घ्यायचं का?" मग थोडी शांतता. मग प्रज्ञेश म्हणत होता, "हां, तसंच." मधलं उत्तर तिला आठवत होतं. तिनं स्वतःच्या कानांनी ते ऐकलं होतं.

तिनं रणजीतला माइकसमोर उभं केलं आणि नाव सांगायला लावलं. त्यानं सांगितलं, खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. पडद्यावरची रेघ हलली नाही. ती स्वतः खाकरली तर रेघ उसळली. रणजीतनं माइक ओठांना टेकवला आणि ओरडला. रेघ सरळ.

त्यानं माइक खाली ठेवला. त्यानं स्वतःच ड्रमचे नट सैल करायला सुरुवात केली.

प्रज्ञेश एक जूनला पुण्याला गेला. आधीची रेकॉर्डिंग त्या जोडआवाजानं वाया गेली होती; शुक्रवारची गाणी त्यानं तशीच बाहेर काढली, ड्रमशिवायची, सीडीवर. पुण्यातल्या एका पेपरात कुणी त्या सीडीबद्दल चार ओळी लिहिल्या, की ताल नसतानाही तो कुठंतरी चाललाय असं वाटत राहतं, ही या पोरांची कमाल. प्रज्ञेशनं ते कात्रण घरी पाठवलं. आकांक्षानं ते रणजीतला दाखवलं नाही.

रणजीत शेती बघू लागला. मोबाइलवर त्याचा नंबर यायचा, पण उचलला की पलीकडं नुसती पोकळी. ती म्हणायची, "बोला रणजीतभाऊ, मी ऐकतेय," आणि थोडा वेळ थांबून आपल्या घरचं काहीबाही सांगत राहायची. पुढं त्यानं फोन करणं सोडलं. त्याचं लग्न झालं, शिलाशी. ढोल-ताशाला त्यानं स्वतःच नाही म्हटलं होतं. २००९ च्या दिवाळीनंतर त्यांना मुलगी झाली.

पुढच्या उन्हाळ्यात शिलाचा निरोप आला, की ताईंनी एकदा येऊन जावं. आकांक्षा सकाळच्या बसनं तांड्यावर गेली. शिलानं चहा दिला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की लेकरू बापाच्या हाकेला बघतच नाही. नांदेडला कानाच्या डॉक्टरला दाखवून आणलं. कान चांगले आहेत म्हणाले.

"तुमाला यंत्राचं कळतं," शिला म्हणाली. "तुमीच बघा."

मुलगी ओसरीवर बसून पायातला वाळा ओढत होती. आकांक्षानं मागून चुटकी वाजवली, ती वळली. शिलानं नाव घेतलं, वळून हसली. मग रणजीत घरातून पितळी थाळी आणि पळी घेऊन आला. तो बारीक झाला होता. आकांक्षाकडं बघून त्यानं मान हलवली. लेकराच्या पाठीशी उभा राहून त्यानं थाळी हातभर उंच धरली आणि पळीचा जोरात टोला हाणला. मग दुसरा. मग तिसरा, ठेक्यात.

मुलगी वाळा ओढत राहिली.

"ताई," शिलानं दबक्या आवाजात विचारलं, "तुमाला तरी आवाज आला का?"

थाळी थरथरत होती. तिच्यावर पडलेलं ऊन समोरच्या भिंतीवर थरथर कापत होतं. मागं गोठ्यात वासरू कडबा खात होतं. त्याचं चावणं आकांक्षाला स्पष्ट ऐकू येत होतं.