तीन सूत

कोयनेच्या घाटात गाडी उलटली त्याला सहा महिने झाले, तरी मेजर वीरधवलचे पाय काही ऐकत नव्हते. मणका जुळला होता. फिजिओथेरपिस्टने सांगितलं, छातीभर पाण्यात रोज अर्धा तास चालवा. वर्ष संपायच्या आत पाय उचलले तर उचलले, नंतर आशा धरू नका.

बंगल्यामागे आधीच्या मालकाने बांधलेला पोहण्याचा तलाव होता. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, वर पत्रा, उतरायला तीन पायऱ्या, कडेने स्टीलचा दांडा. कित्येक वर्षं कोरडा. दुरुस्ती तेवढी करून घ्यायची होती. अंकिता मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. ड्यूटी, घर आणि चाकाच्या खुर्चीतला नवरा सांभाळून ती ठेकेदारांना फोन लावत राहिली.

सांगलीचा कुणाल पहिला. "मॅडम, सकाळी नऊला दारात," म्हणाला आणि दुपारी चारला उगवला. अंकिताने भरून ठेवलेल्या तलावात पाण्याच्या पातळीला भिंतीच्या फरशीवर पेन्सिलीची रेघ मारली आणि गेला. सकाळी पाणी रेघेच्या तीन सूत खाली होतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गवंडी त्यातच बोलतात. "गळतंय," कुणाल म्हणाला. तलाव रिकामा करून तळ उखडला, रसायन चोपडलं, फरशी बसवली. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा दुपारी चारला रेघ. सकाळी तीन सूत खाली. त्यानंतर कुणालने फोन उचलला नाही.

साताऱ्याहून दुसरा ठेकेदार आणला. त्यानेही सकाळचं कबूल केलं, तोही चारलाच आला. रेघ मारली, सकाळी तीन सूत पाहिले, चारही भिंती सोलून पुन्हा बांधल्या. त्याच्या शेवटच्या रेघेखालीही पाणी तीन सूतच उतरलं. तोवर नोव्हेंबर अर्धा सरला होता. वीरधवलच्या पोटऱ्या तिच्या मनगटाएवढ्या झाल्या होत्या.

आकाराम गवंडी मात्र सांगितल्याप्रमाणे रविवारी सकाळी सातला आला. साठी उलटलेला, कमी बोलणारा.

"दुसऱ्या दिशी अजून उतरलं व्हतं का, वैनी?"

अंकिताने झालं ते सांगितलं. तीन सूत दिसले की जो तो तलाव रिकामा करून हातोडा घ्यायचा. दुसरा दिवस कुणी थांबलंच नव्हतं.

"मग हातोडा ऱ्हाऊ द्या. आदी बसतो," म्हणून आकारामने रेघ मारली आणि कडेला बसला.

"आकारामदादा, बसून दुरुस्ती करनार व्हय?" वीरधवलने खुर्चीतून चिमटा काढला.

"तुमीबी बसूनच हाय की मेजर. द्या सोबत."

वीरधवल कितीतरी दिवसांनी हसला.

दुपारपर्यंत पाणी रेघेवरच होतं. चारच्या सुमारास आकारामने हाक मारली. हाक साधीच होती, पण अंकिता धावत गेली. पाणी रेघेच्या वर चढलं होतं. नळ बंद होता. वारा नव्हता. पृष्ठभागावर साधी सुरकुती नव्हती. आकारामने पट्टी लावली: तीन सूत. साडेचारला पाणी पुन्हा रेघेवर येऊन थांबलं.

"गळत न्हाई, वैनी. कवाच गळत नव्हतं. ते चारला येऊन चढल्या पाण्यावर रेघ मारत्यात, आन् सकाळी म्हनत्यात, उतरलं."

"पण चढतं कशानं?"

आकारामने पट्टी पुसून खिशात घातली. "भरल्या बादलीत हात घातल्यावर चढतं, तसं. मेजरना सकाळचं उतरवा. चारला नगं."

पुढचे पाच दिवस तिने दुपारची सुट्टी टाकून स्वतः मोजलं. चार ते साडेचार. तीन सूत. भ्यायला हवं होतं. पण भ्यायलाही अंगात जोर लागतो. तलाव गळत नाही, एवढं तिला पुरे होतं.

रोज सकाळी ती आणि मदतनीस बाई वीरधवलला पाण्यात उतरवू लागल्या. तो उतरला की पाणी चार सूत चढायचं, बाहेर आला की चार सूत उतरायचं. अंकिता रोज बघायची. हिशेब चुकत नव्हता. पाय मात्र नुसते थरथरायचे.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला. "सकाळचं पाणी बर्फ असतं गं," तो म्हणाला. "पाय आखडतात. दुपारी उतरव ना."

तिच्यात वाद घालायची ताकद नव्हती. "चारच्या आत बाहेर यायचं."

"जी, साहेब."

तीनला त्याला उतरवलं. मदतनीस बाई घरी गेली. अंकिता कडेच्या खुर्चीत टेकली आणि तिचा डोळा लागला.

जागी झाली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

वीरधवल चालत होता. दांडा न धरता. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पाणी रेघेच्या सात सूत वर होतं.

"अहो, बाहेर या. आत्ता."

तो आला. तिन्ही पायऱ्या आपल्या पायांनी चढला. टॉवेल घेतला. ओल्या फरशीवरून सरळ चालत दारापर्यंत गेला आणि वळला.

"बघितलंस?"

तिने मान हलवली. तो आत गेला. स्वयंपाकघराकडे जाणारी त्याची पावलं तिला ऐकू येत होती. एकसारखी, दमदार.

सवयीने तिने रेघेकडे पाहिलं.

पाणी तीनच सूत उतरलं होतं.

ती थांबली. साडेचार झाले. पावणेपाच झाले.

उरलेले चार सूत, रोज वीरधवल उतरला की चढायचे तेवढेच, तसेच होते. आणि पलीकडच्या टोकाला, पाण्यालगतचा स्टीलचा दांडा बारीक थरथरत होता.