रोहूच्या कल्ल्यातले प्रवासी

तळ्यात दोनशे बारा शिंपले होते. सर्वांत छोटा साडेसात सेंटिमीटरचा. पिल्लू एकही नाही.

"पुन्हा मोज," अकरा वर्षांची वेणू म्हणाली.

"तीनदा मोजलंय," सहा पायांचा यंत्रमानव चिमटा चिखलातून कुरकुरला. "मोजून पिल्लं होत नसतात."

सन २०६१. पाणी गाळून स्वच्छ करणारे शिंपले वैनगंगेतून संपत आले होते. वेणूच्या आत्यानं, डॉ. कुमुद लांजेवारनं, मार्चमध्ये उरलेसुरले आणून भंडाऱ्याजवळच्या या तळ्यात सोडले आणि ती कामासाठी दिल्लीला गेली. परतली ती आज. दिवाळीपर्यंत पिल्लं दिसली नाहीत, तर प्रकल्प बंद होणार होता.

"आत्या, माद्यांनी लाखो डिंभ (अंड्यातून निघालेले, अजून पिल्लू न झालेले इवलेसे जीव) सोडले, पण सगळे मेले. खाणारं तर कुणीच नाही! मासेसुद्धा मी काढून टाकले."

आत्या थबकली. "सगळे?"

"त्रेचाळीस रोहू," चिमटा घाईनं म्हणाला. "मी फक्त हमाल होतो."

आत्या रागावली नाही. काठावर बसून तिनं विचारलं, "समुद्रातल्या बहुतेक शिंपल्यांचे डिंभ पाण्यात तरंगत वाढतात. नदीत तसे तरंगले तर?"

"वाहून जातील."

"आणि प्रवाहाविरुद्ध वर कोण जातं?"

वेणूचे डोळे मोठे झाले. "मासे!"

"फार पूर्वी काही डिंभ योगायोगानं माशांना चिकटले. ते नदीत टिकले, त्यांचीच पुढची पिढी वाढली. जो जास्त घट्ट चिकटे, तो जास्त टिके. लाखो वर्षं असंच चाललं. यालाच उत्क्रांती म्हणतात. आता हे डिंभ माशाचे कल्ले (श्वासाचे अवयव) पकडतात, काही आठवडे तिथंच राहतात आणि मग सुटून तळाशी बसतात. लाखांतल्या मोजक्यांनाच मासा मिळतो, म्हणून तर लाखो."

"माशाला त्रास?"

"थोडेच असले तर फारसा नाही."

"म्हणजे मी त्यांची गाडीच पळवली!" वेणू म्हणाली.

"मग परत आण. माद्या अजून नवे डिंभ सोडताहेत."

शेजारच्या तलावातून वेणूनं बादलीबादलीनं तीस रोहू आणले. चिमट्यानं या वेळी कुरकुर केली नाही. पुढच्या वर्षी पिल्लं नदीत कुठं सोडायची, ती जागा आत्यानं नकाशावर ठरवून ठेवली.

सव्विसाव्या दिवशी, दिवाळी तोंडावर आली असताना, चिमट्यानं तळाची एक लिटर वाळू गाळून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. वेणूनं वहीत लिहिलं:

पिल्लं : एकशे सदतीस. सरासरी लांबी : ०.३ मिलिमीटर.